दग्ध उतारांवरील पूर : फ्लॅगस्टाफ, २०१० ते २०२१

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ नगराच्या उत्तरेस सॅन फ्रान्सिस्को पर्वत आहे. २० जून २०१० रोजी त्याच्या पूर्व उतारावर, न विझविता सोडलेल्या शेकोटीतून शुल्ट्झ वणवा पेटला व सुमारे १५,००० एकर वनभूमी जळाली. पायथ्याच्या वस्तीतील घरे मात्र वाचली. बरोबर एका महिन्याने, २० जुलैस, त्याच उतारावर पाऊण तासात ४५ मिलिमीटर पाऊस पडला. राख, गाळ व दगडधोंडे घेऊन आलेला लोंढा वस्तीत शिरला. घरे चिखलाने भरली आणि बारा वर्षांची एक मुलगी पुरात मृत्यू पावली.

असा पाऊस त्या प्रदेशास अपरिचित नव्हता. तेथेही उन्हाळ्यात वारे दिशा पालटतात, आखातांवरील बाष्प येते आणि जुलै-ऑगस्टात गडगडाटी वादळे होतात. त्यासही मान्सून हीच संज्ञा आहे. पालटली होती ती भूमी. सरी झेलणारा पालापाचोळा नष्ट झाला होता. तो जळताना निघालेले मेणचट पदार्थ वाफेच्या रूपाने मातीत उतरून थिजतात व पाणी मुरू न देणारा थर बनतो.

भूमी इतकी होरपळण्याचे कारण मात्र जुने आहे. पाँडेरोसा पाइनच्या या वनात पूर्वी काही वर्षांच्या अंतराने जमिनीलगतची सौम्य आग फिरून जाई व रोपांची दाटी होऊ देत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरामेंढ्यांनी गवत संपविले आणि या आगी थांबल्या. पुढे १९३५ साली, प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत आटोक्यात आणावी, असा दंडक संघीय वनखात्याने घातला. वने दाटली, आगी विरळ, परंतु भीषण झाल्या.

२०१२ साली नगरातील मतदारांनी वन विरळ करण्यासाठी १ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. तथापि जुलै २०१९ मधील म्यूझियम वणवा त्याच कामावरील यंत्राचा दगडावर आघात होऊन पेटला असावा, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. त्या वर्षीचा व पुढील वर्षीचा पावसाळा कोरडा गेला; २०२१ मध्ये मात्र त्या उतारांवरील काळे पाणी नगराच्या पूर्वभागातील रस्त्यांवरून वाहिले.

तात्पर्य, अशा पुराच्या इतिहासाचा आरंभ वादळाच्या तिथीपासून धरणे अपुरे ठरते. वनाविषयीचे निर्णय एका पिढीने घेतले. त्यांचा भार कित्येक दशकांनंतर, उताराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांवर पडला.