सायबर कॅफेच्या आडोशापासून वसतिगृहातील मोबाइलपर्यंत : मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेच्या कायद्यांचा प्रवास

१/ सन २००१. मुंबई उच्च न्यायालयाकडे दोन नागरिकांचे पत्र आले. इंटरनेटवरील अश्लील मजकूर अल्पवयीन मुलांच्या सहज हाती लागतो, त्याला आळा घालावा, अशी त्यात विनंती होती. न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्या पत्राचीच रिट याचिका करून घेतली. महाराष्ट्रात या मागणीचा न्यायालयीन इतिहास सांगायचा, तर तो या पत्रापासून सांगावा लागतो.

२/ तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. घरात संगणक असणे अपूर्वाईचे होते. नांदेड असो वा लातूर, निकाल पाहायचा, अर्ज भरायचा, तर पावले सायबर कॅफेकडे वळत. तासावर दर, प्लायवूडचे आडोसे, दाराला पडदा. आत बसलेला मुलगा काय पाहतो आहे, हे बाहेर कुणालाच दिसत नसे.

३/ न्यायालयाने विशेष समिती नेमली. जानेवारी २००२ मध्ये तिचा अहवाल आला. कॅफेंना परवाना असावा, ग्राहकाची ओळख तपासावी, वापराची नोंद राहावी, अल्पवयीनांना बंद आडोशात न बसवता उघड्यावरील संगणक द्यावा, अशा त्यातील शिफारशी होत्या. मुलाचे रक्षण करण्याचा भार या टप्प्यावर प्रामुख्याने कॅफेचालकावर टाकला गेला.

४/ दुसरा आधार तेव्हा तोकडा होता. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला होता. त्याचे कलम ६७ अश्लील मजकुराच्या प्रसिद्धीबद्दल शिक्षा सांगत होते; परंतु ज्या चित्रात मूल स्वतःच अत्याचाराचा बळी आहे, त्याचा वेगळा गुन्हा त्यात नव्हता.

५/ ‘मुलांसाठी कायदा हवा की समाजाने आपले आपण पाहावे?’ हा वाद महाराष्ट्राला नवा नव्हता. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाहाविरुद्ध टिपणे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा १० वरून १२ वर नेली. परक्या सरकारने समाजाच्या व्यवहारात हात घालू नये, असे लोकमान्य टिळकांचे म्हणणे होते. पुण्या-मुंबईतील वृत्तपत्रे या वादाने पेटली होती.

६/ मात्र नांदेड आणि लातूरच्या मुलींना त्या कायद्याचे कवच नव्हते. हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप चालत नसत. मुलाला संरक्षण मिळणार की नाही, हे त्याचे गाव सीमेच्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरे. आज सीमा बदलली आहे: मूल मुखेडला किंवा औशाला, आणि मजकूर ठेवणारा सर्व्हर परदेशात.

७/ कायद्यातील पोकळी भरायला २००९ उजाडले. त्या वर्षी २७ ऑक्टोबरला माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती अंमलात आली आणि कलम ६७-ब अवतरले. मुलांचे लैंगिक चित्रण प्रसिद्ध करणे, पाठवणे, शोधणे, उतरवून घेणे आणि मुलांना ऑनलाइन फूस लावणे हे स्वतंत्र गुन्हे ठरले. पहिल्या गुन्ह्यासाठी ५ वर्षांपर्यंत कारावास आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद झाली.

८/ १४ नोव्हेंबर २०१२, बालदिन. ‘पॉक्सो’ कायदा लागू झाला. त्याने एक कर्तव्य सर्वांवर घातले: मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असेल, तर ती पोलिसांना कळवावीच लागेल. गप्प बसणे हाही गुन्हा झाला. शिक्षक, डॉक्टर, वसतिगृहाचा अधीक्षक, कुणीही त्यातून सुटत नाही.

९/ पुन्हा एक पत्र, या वेळी हैदराबादहून. २०१५ मध्ये ‘प्रज्वला’ संस्थेच्या सुनीता कृष्णन यांनी बलात्काराच्या चित्रफिती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला कळवले. न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या सुनावण्यांच्या ओघात सप्टेंबर २०१८ मध्ये महिला व मुलांविषयीच्या अशा मजकुराची तक्रार करण्यासाठी राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले. तक्रारदाराला आपले नाव न सांगण्याचीही मुभा मिळाली.

१०/ २०२१ च्या नियमांनी मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून स्पष्ट केले, की असे चित्रण जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोगही न्यायालयाने नाकारला. ते बालकाच्या लैंगिक शोषणाचे व अत्याचाराचे साहित्य आहे, असे म्हणावे. मुलाच्या संमतीचा आभास त्या जुन्या शब्दात होता.

११/ ऑगस्ट २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने भार आणखी एका खांद्यावर ठेवला. १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यालाही मनाई. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत.

१२/ येथेच मराठवाड्याचा प्रश्न उभा राहतो. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने, नांदेडच्या शिकवण्यांसाठी, हजारो मुले दहावीनंतर घर सोडून खोल्यांत आणि वसतिगृहांत राहतात. आईवडिलांशी जोडणारा धागा म्हणजे मोबाइलच. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतात आणि मुले आजीपाशी राहतात. कायद्यातील ‘पालक’ फडात असतो; ज्या आजीच्या घरी मूल वाढते, तिला बहुधा ओटीपी वाचायलाही नातवाचीच मदत लागते. संमती मग कोण कोणाची घेणार?

१३/ कायद्याची वाट न पाहता काही गावांनी आपला मार्ग काढला. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद राहू लागले. लातूरला लागून असलेल्या उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीने तसाच प्रयोग केला. पैनगंगेपलीकडे, पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने तर १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्यांची अंमलबजावणी शेजाऱ्यांच्या नजरेवर चालते. फौजदारी कायद्याचे बळ त्यांच्यामागे नाही.

१४/ जगातही हाच शोध सुरू आहे. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडू न देण्याची जबाबदारी १० डिसेंबर २०२५ पासून थेट कंपन्यांवर टाकली. चुकले तर दंड कंपनीला. मुलाला किंवा पालकाला नाही.

१५/ या पाव शतकात जबाबदारी कॅफेचालकाकडून गुन्हेगाराकडे, माहीतगाराकडे, कंपनीकडे आणि शेवटी पालकाकडे सरकत आली. प्रत्येक टप्प्याने काही कमावले. २००२ च्या समितीची सूचना मात्र अजून विचारात घेण्याजोगी आहे: मुलाला आडोशात एकटे बसवू नका. तेव्हाचा आडोसा प्लायवूडचा होता, तो हलवता येत होता. आजचा आडोसा लातूरच्या एखाद्या खोलीत, रात्री अकरा वाजता, उशाशी उजळलेला असतो. तिथवर पोहोचणारा कायदा अजून घडतो आहे.