फिरता नोटरी
फिरता नोटरी (अमेरिका) : ग्राहकाच्या घरी, कचेरीत वा रुग्णालयात जाऊन सह्यांचे प्रमाणन करणारा राज्यनियुक्त अधिकारी. गृहकर्जाच्या दस्तऐवजांवर कर्जदाराच्या सोयीच्या ठिकाणी सह्या घेण्याच्या गरजेतून हा व्यवसाय वाढला (पहा : गहाण; नोटरी). काम दोन मार्गांनी मिळते. मध्यस्थ कंपनी मालकीहक्क-विमा कंपन्यांकडून कामे मिळवून नोटरींना वाटते, मोबदल्याचा काही भाग स्वतःकडे ठेवते आणि उर्वरित रक्कम बहुधा काही आठवड्यांनी चुकती करते. थेट ग्राहकांत वकील, विमा कंपन्या व खासगी व्यक्ती मोडतात. त्यांच्याशी नोटरी स्वतः दर ठरवतो, मात्र ग्राहक मिळवणे व वसुली त्याच्याकडेच असते. प्रमाणनशुल्काची कमाल मर्यादा अनेक राज्यांत कायद्याने ठरते. कॅलिफोर्नियात ती प्रत्येक सहीस १५ डॉलर आहे. निःपक्षपातीपणाचे कायदेशीर बंधन दोन्ही प्रकारांत सारखेच असते.