बाइकची चेन बदलताय? क्लिप की रिव्हेट, ‘चेन लॉक’ कोणतं सुरक्षित?

बीडहून सोलापूरच्या दिशेला निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. धारूरहून तेलगावकडे जाताना धारूरचा अरुंद घाट लागतो. या रस्त्यांवर 100-125 सीसीच्या बाइकवर दोघं बसलेले, मध्ये खताची पिशवी किंवा पेंडीचं पोतं, हे रोजचं चित्र आहे.

अशा वेळी इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकापर्यंत पोहोचवते ती चेन. आणि चेनची दोन टोकं जोडून ठेवते ती एकच छोटी कडी. गॅरेजवर तिला ‘चेन लॉक’ म्हणतात, इंग्रजीत मास्टर लिंक.

नवीन चेन किट घेताना आपण कंपनी बघतो, भाव करतो. लॉककडे मात्र सहसा कुणी बघत नाही. म्हणूनच ते कसं निवडायचं आणि बसवल्यावर काय तपासायचं, हे समजून घेऊ.

लॉक निसटलं तर काय होतं?

चढावर चेन तुटली तर चाकाला मिळणारा जोर तिथेच थांबतो. ओझं लादलेली गाडी मागे सरकू लागते. उतारावर तुटली तर इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार हाता-पायाच्या ब्रेकवर येतो.

यापेक्षा वाईटही होऊ शकतं. सुटलेली चेन पुढच्या छोट्या स्प्रॉकेटजवळ गोळा झाली तर इंजिनाचं कव्हर फुटू शकतं. ती मागच्या चाकात अडकली तर चालत्या गाडीचं चाक जाम होतं आणि गाडी सरळ आडवी होते.

लॉकचे प्रकार किती?

मुख्य प्रकार दोन.

क्लिप लॉक: यात दोन पिना, एक बाहेरची पट्टी आणि माशाच्या आकाराची स्प्रिंगची क्लिप असते. पिनांच्या टोकाला खाच असते, तिच्यात क्लिप सरकून बसते. पक्कड वापरून ती बसवता-काढता येते. 100 ते 125 सीसीच्या बहुतेक गाड्यांना हेच लॉक असतं. नीट बसवलं तर या गाड्यांसाठी ते पुरेसं सुरक्षित आहे.

रिव्हेट लॉक: यात क्लिप नसते. पिनांची टोकं खास हत्याराने दाबून पसरवतात, त्यामुळे पट्टी निघूच शकत नाही. केटीएम ड्यूकसारख्या जास्त ताकदीच्या गाड्यांसाठी हेच योग्य. हातोडीने ठोकून केलेलं रिव्हेट धोक्याचं. टोक कमी पसरलं तर पट्टी सुटते, जास्त पसरलं तर पिनेला तडा जातो. जवळच्या गॅरेजवर रिव्हेटचं हत्यार नसेल तर ज्यांच्याकडे आहे तिथे जा.

तुमच्या गाडीला कोणतं लॉक लागतं, ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत आणि चेनच्या खोक्यावर पाहा. रिव्हेट लिहिलं असेल तर घाई म्हणून क्लिप लावू नका.

428, 520 म्हणजे काय?

चेनच्या पट्टीवर हे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा दोन पिनांमधलं अंतर सांगतो, तेही इंचाच्या आठव्या भागात. म्हणजे 428 मधला 4 म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. 520 मधला 5 म्हणजे 15.875 मिलिमीटर. पुढचे दोन आकडे चेनच्या आतल्या रुंदीचे.

स्प्लेंडरसारख्या गाड्यांना 428 ची चेन असते. पण लॉकवर 428 लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, किंवा एकाच कंपनीच्या साध्या आणि हेवी चेनमध्येही पिनेची जाडी-लांबी आणि पट्टीची जाडी वेगळी असू शकते. त्यामुळे नियम सोपा आहे: ज्या कंपनीची आणि ज्या मॉडेलची चेन, त्याचंच लॉक. नव्या चेनच्या खोक्यात ते बहुधा सोबतच येतं.

चेन ओ-रिंगची असेल तर लॉकसोबत चार बारीक रबरी रिंगा येतात. त्या चारही बसल्या पाहिजेत. त्या आतलं ग्रीस धरून ठेवतात आणि काळ्या मातीचा चिखल आत जाऊ देत नाहीत.

क्लिपची दिशा का महत्त्वाची?

क्लिपचं एक टोक बंद असतं, दुसरं उघडं. चेन ज्या दिशेने धावते, त्या दिशेला बंद टोक हवं. उघडं टोक पुढे राहिलं आणि त्याला खडा किंवा चेन कव्हर घासलं, तर क्लिप खाचेतून मागे ढकलली जाऊन निसटू शकते. बंद टोक पुढे असेल तर तोच धक्का क्लिपला जागेवर दाबतो.

तपासताना एक गफलत होते. चेनचा वरचा भाग पुढे धावतो, खालचा मागे. म्हणून चाक हाताने फिरवून लॉक वरच्या भागात आणा आणि मगच बघा. तिथे बंद टोक हेडलाइटच्या बाजूला दिसलं पाहिजे.

गॅरेजवरून निघण्याआधी काय तपासायचं?

गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद करा आणि न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. गिअर टाकून चालू इंजिनवर चेन बघू नका, त्यात बोटं जातात. मग हे पाहा:

• क्लिप दोन्ही पिनांच्या खाचेत पूर्ण बसली आहे का? ती वाकलेली किंवा ढिली नको.
• लॉकची कडी बाकीच्या कड्यांसारखी सहज वळते का? अडत असेल तर पट्टी जास्त दाबली गेली आहे.
• चेनचा ढिलेपणा पुस्तिकेत दिला आहे तेवढाच आहे का? फार ताणलेली चेन लॉकवर आणि बेरिंगवर सतत जोर टाकते.

बऱ्याच गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असते. त्यामुळे लॉक उलटं बसलंय हे ती तुटेपर्यंत कळतच नाही. मेकॅनिकला सांगा, “दादा, कव्हर लावायच्या आधी लॉक दाखवा.” यात लाजण्यासारखं काही नाही.

या चुका टाळा

• जुनी क्लिप किंवा जुनं लॉक पुन्हा वापरू नका. एकदा काढलेल्या क्लिपची पकड कमी होते.
• चेनची लांबी जमवायला हाफ लिंक लावू नका. ती वाकडी कडी बाकीच्या चेनपेक्षा कमकुवत असते. योग्य लांबीची चेनच घ्या.
• झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवीन चेन चढवू नका. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला.

रस्त्यात लॉक तुटलं तर?

त्याच मापाचं एक जास्तीचं लॉक टूलकिटमध्ये ठेवा, सोबत छोटी पक्कड. लॉक तुटल्यास ते लावून हळूहळू गॅरेज गाठता येतं. क्लिप पडलेली दिसली तर मात्र “जाईल घरापर्यंत” म्हणून गाडी चालवू नका. बाहेरची पट्टी तेवढ्या अंतरातही निसटू शकते. गाडी ढकलत न्या किंवा कुणाला तरी बोलवा.

चहा-नाश्त्याच्या पैशात येणारी ही वस्तू आहे. पण घाटात मागे घरचं माणूस बसलेलं असतं, तेव्हा सगळा भार तिच्यावरच असतो. पुढच्या वेळी चेन बदलाल तेव्हा दोन मिनिटं थांबून लॉक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.