कारंज्याहून परळ

कारंज्यात कोणाला कॅन्सर निघाला की लोक ‘टाटाला नेलं’ एवढंच सांगत. पुढचं कोणी विचारत नसे. कापसासाठी टाकलेल्या शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूर गाठायचं, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई.

परळचं टाटा हॉस्पिटल 1941 साली उघडलं. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. बाबा शेंडगावचे, आमच्याच वऱ्हाडातले. ते 1956 मध्ये गेले, पण पेशंटला त्यांच्या नावाचं छप्पर मिळतं. मला याचं कुठल्याही पुतळ्यापेक्षा अप्रूप जास्त.

दुखणं हलकं करणं हाही उपचार, हे आपल्याकडे उशिराच रुजलं. देशातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, 1986 मध्ये डॉ. डिसूझांनी काढलं. तोवर अंग चेपायचं काम वॉर्डातल्या बहिणी-सुनांकडेच.

आत्यासोबत मी होतो. केमोनं तिचे तळपाय बधिर झालेले. सिस्टरनं बजावलं, “दादा, नुसतं तेल लावा, हलक्या हातानं. गाठीवर नाही, रेडिएशनचा शेक दिलेल्या कातडीवर नाही. प्लेटलेट उतरल्या असतील तर दाब अजिबात नको. एकच पाय सुजला तर चोळायच्या आधी आम्हाला सांगा, गुठळी असू शकते.”

सिस्टर वळली की आत्या म्हणे, “जोर लाव नं रे, सरकारी काम हाय का थे?”