चाळीस तास

ऑटिझमचा इतिहास बहुतेक वेळा मोठ्या नावांनी सांगितला जातो. 1943 साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन केलं, तिथून गोष्ट सुरू होते. मग येतात ब्रुनो बेटलहाइम. 1967च्या पुस्तकात त्यांनी सगळं खापर आईच्या थंडपणावर फोडलं. खरं तर हा आरोप बर्नार्ड रिमलँड यांनी 1964मध्येच खोडून काढला होता. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही.

या यादीत एक माणूस कधीच नसतो. मुलासमोर जमिनीवर मांडी घालून बसणारा, तोच ठोकळा पन्नासदा पुढे करणारा, मुलाने चावा घेतला तरी दुसऱ्या दिवशी परत येणारा मदतनीस. कुठे त्याला थेरपी एड म्हणतात, कुठे टेक्निशियन. आपल्या शाळांमध्ये याच्या जवळचं काम करणाऱ्या ताईंना शॅडो टीचर म्हणतात.

हे काम जन्माला आलं लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात. मूळचे नॉर्वेचे इवार लोवास 1961मध्ये तिथे रुजू झाले. त्या काळी अशा मुलांचं आयुष्य अनेकदा मोठमोठ्या संस्थांच्या भिंतींआड जायचं. लोवास म्हणाले, ही मुलं शिकू शकतात, फक्त शिकवणं बारीक तुकड्यांत करायला हवं. ‘बस’ म्हणायचं. मूल बसलं की लगेच खाऊ. नाही बसलं तर हाताला धरून बसवायचं आणि पुन्हा ‘बस’. प्रत्येक प्रयत्नाची कागदावर नोंद. या पद्धतीला बुद्धीपेक्षा माणसं जास्त लागतात: एका मुलामागे एक मोठा माणूस, तोही दिवसभर. ती माणसं वर्गातच बसलेली होती. लोवास यांनी विद्यार्थ्यांनाच कामाला लावलं.

या सुरुवातीला काळी बाजूही आहे. 1965मध्ये ‘लाइफ’ मासिकाने या कामाचे फोटो छापले. त्यात प्रेमाने कवटाळणं होतं, ओरडणं होतं, थपडा होत्या आणि विजेचे झटकेही होते.

1973मध्ये लोवास आणि सहकाऱ्यांनी पहिल्या मुलांचं पुढे काय झालं ते प्रसिद्ध केलं. संस्थेत परत गेलेली मुलं शिकलेलं विसरली होती. ज्यांच्या आईवडिलांना शिकवून तयार केलं होतं, त्यांचं टिकलं. धडा सरळ होता: लवकर सुरू करा, घरी करा, भरपूर करा. 1970पासून सुरू असलेल्या लहान मुलांच्या प्रकल्पाचा निकाल 1987मध्ये आला. एकोणीस मुलं, आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षं किंवा जास्त. त्यांतली नऊ मुलं साध्या शाळेत पहिली पास झाली आणि त्यांचा बुद्ध्यांकही सर्वसाधारण आला. जगभरच्या पालकांनी हा आकडा पाठ केला.

त्याच शोधनिबंधात एक तपशील आहे, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. कुठल्या मुलाला चाळीस तास मिळणार आणि कुणाला दहापेक्षा कमी, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. पुरेशी माणसं हाताशी आहेत का, यावर ते ठरलं. पुढे संशोधकांनी या पद्धतीवर बरीच टीका केली. मांडीवर चापट मारणंही उपचारात होतं, यावरही टीका झाली. पण आपल्या मुद्द्यापुरतं एवढं पुरे: मदतनीस होता की नव्हता, यावर मुलाचा गट ठरत होता.

1993 हे साल महत्त्वाचं. कॅथरिन मॉरिस या टोपणनावाने एका आईने आपल्या दोन मुलांवरच्या उपचारांचं पुस्तक लिहिलं आणि या पद्धतीची मागणी वाढली. त्याच वर्षी स्वतः स्वमग्न असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी टोरांटोच्या परिषदेत पालकांना सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका. जे मूल जन्मलंच नाही त्याचं दुःख करताना समोरचं मूल राहून जातं. एकाच वर्षी दोन आवाज उठले, आणि आजही ते एकमेकांशी भांडताहेत. हात फडफडवणं थांबवायचं की नाही, डोळ्यांत बघायला लावायचं की नाही, हे वाद तिथूनच आलेत.

पुढे पद्धतीचा धंदा झाला. 2019पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत विम्याने हा खर्च उचलण्याचे नियम आले. 2014मध्ये मदतनिसांसाठी प्रमाणपत्र निघालं. अट काय? वय अठरा, शालेय शिक्षण पूर्ण, परीक्षा आणि प्रशिक्षण चाळीस तासांचं. म्हणजे जेवढे तास मूल एका आठवड्यात थेरपीत बसायचं, तेवढ्यात मदतनीस तयार.

भारतात 2016च्या कायद्याने स्वमग्नतेला अपंगत्वाच्या यादीत जागा दिली. शॅडो टीचरचा पगार मात्र बहुतेक ठिकाणी पालकांच्याच खिशातून जातो. ज्यांना परवडत नाही, त्यांचं मूल आजही कमी तासांच्या गटात जातं.

मुलासोबत सर्वात जास्त वेळ असतो तो सर्वात कमी शिकवलेला आणि कमी पगाराचा माणूस. मूल दमलंय, घाबरलंय की खरंच ‘नको’ म्हणतंय, हे आधी त्यालाच दिसतं. त्याच्या हातातल्या कागदावर त्या ‘नको’साठी रकाना आहे की ते फक्त ‘चूक’ म्हणून मोजलं जातं, यावर त्या मुलाचं पुढचं बरंच काही अवलंबून आहे.