‘नुसता प्रॉक्सी टाका’ या सल्ल्याविषयी

पुण्यात वाघोलीच्या सोसायट्यांतून रोज सकाळी नगर रस्त्याने खराडीकडे जी गर्दी निघते, तिच्यात मिडलवेअर सपोर्टची माणसं असतातच. वेबलॉजिक, टॉमकॅट, अपाची, एनजिनएक्स ही नावं त्यांच्या रोजच्या बोलण्यातली. या मंडळींत एक समज इतका रुळला आहे की कुणाला तो तपासावासाही वाटत नाही. कंपनीचं पगाराचं ॲप्लिकेशन बाहेरच्या व्हेंडरच्या क्लाउडवर गेलं आणि ते आपल्याच डोमेनखाली ‘/पेरोल’ अशा पत्त्यावर दिसायला हवं, असं ठरलं की लीड सांगतो, “नुसता प्रॉक्सी टाक, दोन ओळींचं काम आहे.” प्रॉक्सी म्हणजे पोस्टमन, इकडचं पाकीट तिकडे नेऊन देणारा. मग हे काम नुकत्याच लागलेल्या पोराकडे जातं आणि रात्रीच्या चेंज विंडोत उरकलं जातं.

हा पूर्वपक्ष मूर्खपणाचा नाही, आणि तो कुठून आला हेही दिसतं. अपाची पुढे आणि टॉमकॅट मागे, दोन्ही आपल्याच डेटा सेंटरमध्ये, मधे एजेपी प्रोटोकॉल, अशी मांडणी या व्यवसायाने बरीच वर्षं केली. एजेपी रिक्वेस्टबरोबर ग्राहकाचा आयपी, त्याने मागितलेलं सर्व्हरचं नाव आणि कनेक्शन एसएसएलचं होतं की नाही, हे सगळं मागे पोचवतो. टॉमकॅटला वाटतं, ब्राउझर थेट आपल्याशीच बोलतो आहे. वेबलॉजिकचं प्लगइनही स्वतःचे खास हेडर लावून हेच साधतं, कारण दोन्ही टोकं एकाच कंपनीच्या उत्पादनांची. तिथे दोन ओळी खरोखर पुरतात. चूक होते ती हा अनुभव बाहेरच्या होस्टला जसाच्या तसा लावताना.

बाहेरच्या होस्टकडे साधं एचटीटीपी जातं. जून 2022च्या आरएफसी 9110मध्ये गेटवेची, म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सीची, व्याख्या आहे. तिच्यानुसार ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर गेटवे हाच मूळ सर्व्हर असतो. आलेली रिक्वेस्ट तो रूपांतरित करून पुढे पाठवतो. म्हणजे पुढे जाते ती दुसरीच रिक्वेस्ट, आणि तिचा कर्ता प्रॉक्सी. पोस्टमन पाकीट फोडून मजकूर नव्याने लिहीत नाही.

होस्ट हेडरचंच बघा. एनजिनएक्स आणि अपाची दोघेही मुळात मागच्या सर्व्हरचं नाव पाठवतात. घरच्या सवयीने कुणी अपाचीत ‘प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ऑन’ करतो. व्हेंडरचा क्लाउड होस्टच्या नावावरूनच ग्राहक कंपनी ओळखत असेल, तर आपलं डोमेन त्याच्या यादीत नसतं आणि तो 404 देतो. ते बंद ठेवलं तर ॲप्लिकेशन रीडायरेक्टमध्ये स्वतःचं नाव घालतं. ‘प्रॉक्सीपासरिव्हर्स’ लोकेशन हेडर दुरुस्त करतो, पण एचटीएमएलच्या आतल्या लिंकना हात लावत नाही. कुकीचा पाथ वेगळा राहिला की ब्राउझर ती परत पाठवत नाही, आणि माणूस लॉगिन करतो तोच पुन्हा लॉगिनचं पान. हेल्पडेस्क मग कॅशे साफ करायला सांगतो. (हा सल्ला कधीच चुकीचा ठरत नाही, कारण तो कशाशीच संबंधित नसतो.)

ग्राहकाच्या आयपीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ लावला की झालं, असं म्हणतात. टॉमकॅटचा रिमोटआयपीव्हॉल्व्ह हा हेडर वाचतो खरा, पण तो हेडर विश्वासातल्या प्रॉक्सीकडून आला असेल तरच. त्याच्या मूळ यादीत 10, 172.16, 192.168 असे खाजगी पट्टे आहेत. आपला प्रॉक्सी सार्वजनिक आयपीवरून बाहेर पडतो, म्हणून व्हेंडरच्या टॉमकॅटवर तो अनोळखी ठरतो. हेडर दुर्लक्षित होतो आणि ऑडिट लॉगमध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांचा आयपी एकच दिसतो. उलट व्हेंडरने वाटेल त्याच्यावर विश्वास ठेवला, तर कुणीही तो हेडर हाताने लिहून पाठवेल. ही गोष्ट एका बाजूने कॉन्फिग करताच येत नाही. दोन संस्थांना ती आपसांत ठरवावी लागते.

“पण प्रॉक्सीमुळे निदान सुरक्षितता तरी वाढते,” हा पुढचा दावा. एनजिनएक्समध्ये मागच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासणारी ‘प्रॉक्सी_एसएसएल_व्हेरिफाय’ ही सोय मुळात बंद असते. अपाचीत ‘एसएसएलप्रॉक्सीव्हेरिफाय’चं मूळ मूल्य ‘नन’. डेटा सेंटरच्या आत हे खपून गेलं. आता त्याला आणखी एक गोष्ट जोडा. ‘प्रॉक्सी_पास’मध्ये होस्टचं नाव थेट लिहिलं, तर एनजिनएक्स ते कॉन्फिग लोड होताना एकदाच डीएनएसकडून सोडवून घेतो. क्लाउडवरचे आयपी बदलतात. व्हेंडरने आयपी सोडला, तो दुसऱ्या कुणाला मिळाला, आणि आपला एनजिनएक्स रीलोड झालेला नाही. समोरचं प्रमाणपत्र तपासलंच जात नसेल, तर पगाराची माहिती परक्या यंत्राला बिनबोभाट दिली जाईल. ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह तसंच राहील, कारण ते फक्त आपल्यापर्यंतच्या टप्प्याविषयी बोलतं. शिवाय प्रॉक्सी हेसुद्धा सॉफ्टवेअरच. सीव्हीई-2021-40438 हा दोष अपाचीच्या मॉड_प्रॉक्सीतलाच होता. रिक्वेस्टच्या पाथमध्ये खुबीने मजकूर घालून प्रॉक्सीला हल्लेखोराच्या पसंतीच्या सर्व्हरकडे पाठवता येत होतं. 2.4.48पर्यंतच्या आवृत्त्यांत तो होता.

टाइमआउटचं थोडक्यात सांगतो. एनजिनएक्स मागच्या सर्व्हरच्या दोन वाचनांमध्ये मुळात 60 सेकंद थांबतो, वेबलॉजिकचं प्लगइन 300. तीन मिनिटं चालणारा पगाराचा अहवाल घरच्या मांडणीत चालत होता, तो आता 504 देतो. मागे व्हेंडरकडे काम चालूच असतं आणि इकडे माणूस पुन्हा बटण दाबतो.

राहता राहिला नव्या पिढीचा आक्षेप: क्लाउडवरचे तयार गेटवे हे सगळं आपोआप करतात. हेडर ते आपोआप लावतात, हे मान्य. कुणाच्या हेडरवर विश्वास ठेवायचा, अर्धवट राहिलेली रिक्वेस्ट पुन्हा पाठवायची की नाही, हे त्यांना आपणच सांगावं लागतं. एनजिनएक्सनेही 1.9.13पासूनच, पोस्ट प्रकारची रिक्वेस्ट एकदा पाठवून झाल्यावर ती आपणहून दुसऱ्या सर्व्हरकडे द्यायचं थांबवलं. त्याआधीच्या आवृत्त्यांत एकच व्यवहार दोनदा नोंदला जाण्याची वाट उघडी होती, तीही कुणी कॉन्फिगमध्ये काही चुकीचं न लिहिता.

तेव्हा खराडीतल्या टीम लीडना विनंती अशी: पुढच्या वेळी असं तिकीट आलं, की ते नव्या पोराकडे सरकवण्याआधी व्हेंडरच्या इंजिनिअरला कॉलवर घ्या आणि होस्ट, ग्राहकाचा आयपी, प्रमाणपत्राची तपासणी, टाइमआउट यांची उत्तरं तिकिटावर लिहून घ्या. आणि सध्या चालू असलेल्या प्रॉक्सींमध्ये प्रमाणपत्राची तपासणी बंद आहे का, ते याच आठवड्यात उघडून पाहा.