सायकलचा बिल्ला

एके काळी पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात पालिकेचा बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा मागे कुणी डबलसीट बसला, की पोलीस हटकत. जाच खराच, पण बिल्ला घेतला की रस्ता आपला! २००९ साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मात्र सायकलला मज्जावच आहे.

मग सार्वजनिक म्हणजे कोणाचे? आम्हां महाडकरांना हा प्रश्न जुनाच. १९२४ साली नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. १९२७ साली बाबासाहेबांच्या सत्याग्रहानंतर तोच फिरवला. १९३७ साली हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ते दुःख डोंगराएवढे, सायकलचे राईएवढे. पण पाणी असो वा रस्ता, पालिकेने राखण करावी, मालकी सांगू नये.